खचलेला आत्मविश्वास आणि खेळाचे डावपेच



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने या व्यासपीठावर बोनसविषयी बोलावे, किमान वेतनाविषयी बोलावे, फार तर कामगार कायद्यांविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आणि ती गैर नाही. आम्ही मात्र टेनिसविषयी बोलणार आहोत. कार्यक्रमपत्रिका पाहून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, तुमचा आणि टेनिसचा संबंध काय?" संबंध आहे, आणि तो जुना आहे. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी आम्ही एका साहेबी क्लबात चेंडू उचलून देण्याचे काम करीत होतो. संध्याकाळच्या दोन तासांचे जे काही मिळे, त्यातून वह्या येत. रॅकेट हाती धरण्याची आम्हांला मुभा नव्हती. पण जाळ्याच्या खांबापाशी उकिडवे बसून खेळ पाहण्यास कोणाची बंदी नव्हती. तेथला मार्कर म्हातारा होता. तो आम्हा पोरांना म्हणे, "चेंडूकडे काय बघत बसता? पायांकडे बघा. माणूस भ्यायला की आधी पायांना कळते." पुढे शाळा सुटली, कारखाना आला, संघटना आली. पण ते वाक्य सुटले नाही, आणि टेनिस पाहण्याचा नादही सुटला नाही.

आजचा प्रश्न असा आहे. जगातल्या अव्वल खेळाडूचा आत्मविश्वास गेला म्हणजे नेमके काय होते? वर्तमानपत्रे लिहितात, 'अमका मानसिकदृष्ट्या खचला.' एवढ्याने काहीच उलगडा होत नाही. मन कोणाला दिसते? दिसतो तो फटका. चेंडू कोठे मारायचा, स्वतः कोठे उभे राहायचे, धोका केव्हा पत्करायचा, हे जे निर्णय खेळाडू क्षणाक्षणाला घेतो, त्यांनाच आपण डावपेच म्हणतो. मन खचले तर त्याची खूण याच निर्णयांत सापडली पाहिजे. ती कशी सापडते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आरंभीच एक भेद केला पाहिजे. ऐन क्षणी हात कापणे वेगळे आणि आत्मविश्वास जाणे वेगळे. १९९३ च्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यात याना नोवोत्ना ही स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी पुढे होती. सर्व्हिस तिची, गुण ४०-३०. आणखी एक गुण मिळता तर ५-१ झाले असते. तिने डबल फॉल्ट केला, आणि तेथून सामना निसटत निसटत ग्राफकडे गेला. पारितोषिक-समारंभात ती रडली, हे अनेकांना आठवत असेल. पण तीच नोवोत्ना १९९८ मध्ये विंबल्डनची विजेती झाली. तो एका दुपारचा घात होता. आत्मविश्वास जाणे म्हणजे असा एका दुपारचा घात नव्हे. तो महिनोन्‌महिने मुक्कामाला येतो. खेळाडू रोज सराव करतो, सरावात फटके बिनचूक बसतात, आणि सामन्यात उभे राहिले की हात आपला राहत नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे स्पेनचा राफाएल नदाल. हा गृहस्थ २०२४ च्या नोव्हेंबरात निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर बावीस ग्रँड स्लॅम विजेतेपदे होती आणि त्यांतली चौदा एकट्या पॅरिसच्या लाल मातीवरची होती. एवढ्या मोठ्या खेळाडूचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो. कारण नवख्याचा हात कापला तर आपण म्हणतो, त्याला खेळच येत नसेल. नदालबद्दल असे म्हणण्याची सोय नाही.

२०१४ मध्ये त्याने पॅरिसचे नववे विजेतेपद मिळवले. त्यानंतर मनगटाच्या दुखापतीने उन्हाळ्यातले महत्त्वाचे सामने बुडाले, आणि वर्षअखेर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. २०१५ उजाडले ते अशा स्थितीत. जानेवारीत ऑस्ट्रेलियात बर्डिचने त्याला हरवले, मार्चमध्ये मायामीत व्हर्डास्कोने. त्या मायामीच्या पराभवानंतर नदालने पत्रकारांपुढे सरळ सांगून टाकले की, अडचण टेनिसची नाही. मोक्याच्या क्षणी आपल्याला मोकळेपणाने खेळता येत नाही, मनावर ताण येतो. शरीर बरे होत होते, फटके परत येत होते, आणि तरीही तो हरत होता. जूनमध्ये, त्याच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, पॅरिसला जोकोविचने त्याला ७-५, ६-३, ६-१ असे नमवले. त्या मैदानावर त्याने ओळीने एकोणचाळीस सामने जिंकलेले होते. जागतिक क्रमवारीत तो दहाव्या स्थानापर्यंत घसरला.

आता या पराभवांमागचे डावपेच पाहू; पण त्यासाठी आधी मैदान समजून घेतले पाहिजे.

टेनिसचे मैदान ७८ फूट लांब असते आणि एकेरीच्या सामन्यासाठी २७ फूट रुंद. मधले जाळे मध्यभागी ३ फूट उंच, तर कडेच्या खांबांशी साडेतीन फूट असते. तेव्हा एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात चेंडू मारला, तर तो बहुधा जाळ्याच्या सखल भागावरून जातो. शिवाय त्याला उतरण्यासाठी सुमारे साडेब्याऐंशी फुटांची वाट मिळते. तोच चेंडू कडेच्या रेषेला धरून सरळ मारला, तर जाळे सहा इंचांपर्यंत उंच आणि वाट साडेचार फुटांनी आखूड. म्हणून तिरका फटका हा भरवशाचा आणि सरळ रेषेतला फटका हा जोखमीचा. यात मानसशास्त्र काही नाही; हा फूटपट्टीचा हिशेब आहे.

नदाल डावखुरा. त्याचा तिरका फोरहँड उजव्या हाताने खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या बॅकहँडवर जाऊन पडे आणि खांद्याएवढा उसळे. दहा वर्षे त्याने याच एका फटक्याने माणसे दमवली. पण हा फटका एकट्याच्या बळावर चालत नव्हता. प्रतिस्पर्धी बॅकहँडच्या कोपऱ्याकडे सरकू लागला की नदाल अकस्मात चेंडू सरळ रेषेत, मोकळ्या पडलेल्या बाजूला मारी. हा दुसरा फटका तो पहिल्याच्या मानाने क्वचितच मारी. परंतु तो कोणत्याही क्षणी येईल हे समोरच्याला ठाऊक असे, आणि म्हणून समोरच्याला मैदानाच्या मध्याकडे परतावेच लागे. तिरक्या फटक्याची निम्मी ताकद या न मारलेल्या सरळ फटक्यात होती.

२०१५ मध्ये नेमका हाच सरळ फटका आटला. जाणकार पाहत होते की, आणीबाणीचा गुण आला की नदाल तिरकाच मारतो. आपण त्याच्या जागी असतो तर तेच केले असते. मन म्हणते, आता जोखीम नको, हा एक गुण निभावून नेऊ. पण समोरचा आंधळा नसतो. सरळ फटका येत नाही हे दोन-चार वेळा दिसले की तो बॅकहँडच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसतो. चेंडू कोठे येणार हे त्याला आधीच कळलेले असते. तो वेळेवर पोचतो, पाय रोवतो, आणि काल ज्या चेंडूने त्याची दमछाक होत होती त्याच चेंडूवर आज चाल करून येतो. जोकोविचसारखा दोन्ही हातांनी बॅकहँड मारणारा खेळाडू असला तर विचारायलाच नको. तिरका फटका होता तसाच असूनही त्याची किंमत उतरते. आत्मविश्वास जाण्याचा पहिला परिणाम हा असा आहे. खेळाडूला येणारे फटके तो विसरत नाही, पण त्याच्यापुढचे पर्याय कमी होतात. आणि ते कमी झाले आहेत हे प्रतिस्पर्ध्याला कळते.

दुसरा परिणाम याहून चमत्कारिक आहे. नदालच्या फोरहँडला विलक्षण फिरकी असे. चित्रफितींवरून मोजणाऱ्यांनी ती सरासरी मिनिटाला सुमारे ३,२०० फेऱ्यांची भरवली आहे. चेंडू पुढच्या दिशेने असा गरगरत गेला म्हणजे तो जाळ्यावरून चांगला उंच जातो आणि तरी शेवटी मान खाली घालून मैदानातच उतरतो. म्हणजे ही फिरकी म्हणजेच त्याची सुरक्षितता. परंतु फिरकी येते कशातून? रॅकेट वेगाने आणि शेवटपर्यंत फिरवण्यातून. आता धास्तावलेला माणूस काय करतो? तो हात आखडतो. चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून हळू मारतो. हळू मारला की फिरकी घटते. फिरकी घटली की चेंडू एक तर मैदानाच्या मध्यावर आखूड पडतो, नाही तर खाली वळायचाच विसरून रेषेबाहेर जातो. ज्या भीतीने हात आखडला, तीच गोष्ट हात आखडल्यामुळे घडते. 'सांभाळून' मारलेला चेंडू असा धोक्याचा ठरतो.

आखूड पडलेल्या चेंडूमागून तिसरा परिणाम येतो, आणि येथे आम्हांला मार्करचे शब्द आठवतात. आपला चेंडू आखूड पडतो आहे हे कळले की खेळाडू पुढच्या माऱ्याच्या धाकाने बेसलाइनच्या मागे सरकतो. मागे सरकला की त्याला अधिक धावावे लागते, आणि तेथून मारलेला चेंडू आणखी आखूड पडतो. हे चक्र चालू असता कधी कधी उलटाच झटका येतो. लांबलेली झुंज सोसवत नाही, म्हणून गुण एकदाचा संपवण्यासाठी खेळाडू अवेळी, तोल नसताना जबर फटका मारतो. प्रेक्षक म्हणतात, पाहा, हा अजून आक्रमक आहे. पण ती घाई आहे. आखडणे आणि घाई ही एकाच भीतीची दोन रूपे होत.

या सर्वांचा कळस २०१५ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला झाला. अमेरिकन स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत नदालने इटलीच्या फोन्यीनीविरुद्ध पहिले दोन सेट ६-३, ६-४ असे जिंकले. ग्रँड स्लॅम स्पर्धांत दोन सेटची आघाडी घेतल्यावर तो त्यापूर्वी एकदाही हरलेला नव्हता. त्या रात्री तो पुढचे तीन सेट ४-६, ३-६, ४-६ असे हरला. फोन्यीनीने बिनतोड असे सत्तर फटके मारले, नदालने तीस. फोन्यीनी फार सुंदर खेळला, यात शंका नाही. पण त्याने एवढे धाडस का केले? त्याच वर्षी त्याने नदालला मातीवर दोनदा हरवलेले होते. नदालपुढे आघाडी गेली तर सामना गेला, ही जी दहशत इतर खेळाडूंच्या मनात असे, ती फोन्यीनीच्या मनातून गेलेली होती. एकाचा आत्मविश्वास जातो तेव्हा तो नुसता हवेत विरत नाही. त्यातला वाटा समोरच्याला मिळतो.

आता कोणी आक्षेप घेईल की, हे सगळे मनाच्या माथी का मारता? वय झाले असेल, शरीर थकले असेल. आक्षेपात तथ्य आहे. दुखापत नसती तर सामने बुडाले नसते, आणि सामने बुडाले नसते तर हात अनोळखी झाला नसता. शरीर आणि मन यांच्यामध्ये भिंत घालता येत नाही. पण निव्वळ वयाचा प्रश्न असता तर एकतिसाव्या वर्षी तो पुन्हा पहिल्या क्रमांकावर आला नसता. आणि तो आला, हे पुढे सांगायचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. सावधपणा म्हणजे नेहमीच भीती काय? मुळीच नव्हे. नदालचा सारा खेळच सावधपणावर उभा होता. तिरका फटका हा त्याचा जन्माचा मित्र होता. मग शहाणा सावधपणा आणि धास्तावलेला सावधपणा ओळखायचा कसा? आमच्या मते खूण अशी : निर्णय घेताना नजर कोठे आहे ते पाहावे. समोरचा कोठे उभा आहे, त्याला काय जड जाते, हे पाहून तिरका फटका निवडला तर तो डावपेच. आपली फजिती कशाने टळेल एवढेच पाहून निवडला तर ती भीती. फटका तोच असतो, फक्त पहिला बेसलाइनपाशी खोल पडतो आणि दुसरा आखूड.

ही खूण आम्ही टेनिसच्या पुस्तकातून घेतलेली नाही. ती आम्हांला फार महाग पडलेली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार सिद्ध होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातला संप आमच्या नेतृत्वाखाली झाला आणि फसला. दोन महिने कामगार बाहेर राहिले, घरातली भांडीकुंडी गहाण पडली, आणि शेवटी मिळाले ते संपापूर्वी देऊ केलेल्यापेक्षा कमी. आम्ही ते मनाला लावून घेतले. पुढच्या कराराची वेळ आली तेव्हा मागणीपत्र आम्हीच लिहिले. कंत्राटी कामगारांना कायम करा, ही त्या कारखान्यातली कळीची मागणी होती. आम्ही ती वगळली. महागाई भत्त्याचा आकडाही आपणहून खाली आणला. सहकाऱ्यांना सांगितले, "झेपेल तेवढेच मागू, पदरात काही तरी पडेल." वाटाघाटींच्या टेबलावर आम्ही संपाचा शब्द एकदाही उच्चारला नाही. आम्हांला वाटत होते की हा आमचा संयम आहे. समोर बसलेल्या मंडळींनी दुसऱ्याच बैठकीत ताडले की, ही माणसे आता काही झाले तरी गेटबाहेर पडणार नाहीत. त्यानंतर त्यांनी घाई केली नाही. ते कोपऱ्यात ठाण मांडून बसले. जो कमी आकडा आम्ही 'सुरक्षित' म्हणून मागितला होता, तोही पुरता मिळाला नाही.

करारावर सह्या झाल्या त्या संध्याकाळी एक जुना कामगार कचेरीत आला. चहा पुढे केला तो त्याने घेतला नाही. म्हणाला, "भाऊ, मागच्या खेपेला तुम्ही आमच्यासाठी मागत होता, म्हणून हरलो तरी वाईट वाटलं नाही. या खेपेला तुम्ही स्वतःला वाचवत होता." आम्ही उत्तर दिले नाही. उत्तर नव्हतेच. ज्या कंत्राटी पोरांची मागणी आम्ही गाळली, त्यांतली कित्येक पुढच्या वर्षभरात कामावरून गेली. नदाल सामना हरतो तेव्हा त्याची क्रमवारी घसरते. संघटनेचा हात आखडतो तेव्हा दुसऱ्याची चूल विझते. हा फरक विसरता कामा नये.

असो. हे दुखणे बरे होते काय? होते, पण उपदेशाने होत नाही. 'विश्वास ठेव' असे सांगून कोणाचा विश्वास परत येत नाही. नदालच्या बाबतीत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. एक तर त्याने दुखणे लपवले नाही. आपल्याला भीती वाटते हे त्याने चारचौघांत कबूल केले. जी गोष्ट कबूल केली, तिच्यावर काम करता येते. दुसरे असे की, त्याने खेळणे सोडले नाही. त्या वाईट वर्षातही तो लहानमोठ्या स्पर्धांत उतरत राहिला. स्टुटगार्ट आणि हॅम्बुर्ग येथे जिंकलाही, आणि हॅम्बुर्गच्या अंतिम सामन्यात तर त्याच फोन्यीनीला हरवून. २०१६ मध्ये माँटे कार्लो आणि बार्सिलोना जिंकल्यावर मनगट पुन्हा दुखावले आणि पॅरिसची स्पर्धा अर्धी सोडावी लागली. वर्षअखेर त्याचा जुना मित्र आणि माजी अव्वल खेळाडू कार्लोस मोया मार्गदर्शक म्हणून त्याच्याबरोबर आला.

२०१७ च्या जानेवारीत तो ऑस्ट्रेलियात अंतिम फेरीला पोचला. समोर फेडरर होता, आणि येथे एक गंमत झाली. याच फेडररला नदालने वर्षानुवर्षे त्या उंच उसळणाऱ्या तिरक्या फटक्याने जेरीस आणले होते. तो मागे सरके आणि बॅकहँड कापून परत देई. त्या दिवशी फेडरर मागे सरकला नाही. चेंडू उसळता उसळताच तो बॅकहँडने सपाटून मारू लागला. पाचव्या सेटमध्ये १-३ असा मागे असताना त्याने ओळीने पाच गेम घेतले आणि सामना जिंकला. फेडररनेही त्यापूर्वीची साडेचार वर्षे ग्रँड स्लॅम विजेतेपदावाचून काढली होती. ज्याला एकेकाळी सरकावे लागले, तो पाय रोवून उभा राहिला. बदल झाला तो एवढाच.

नदाल तो सामना हरला, पण हात आखडून हरला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसला त्याने एकही सेट न गमावता दहावे विजेतेपद घेतले; अंतिम सामन्यात वावरिंकाला ६-२, ६-३, ६-१ असे हरवले. ऑगस्टमध्ये तो पुन्हा जगात पहिला झाला, आणि सप्टेंबरात, ज्या न्यूयॉर्कला दोन वर्षांपूर्वी फोन्यीनीने त्याला धूळ चारली होती तेथेच, विजेता ठरला. सरळ रेषेतला फोरहँड परत आलेला होता.

आमचेही थोडेबहुत तसेच झाले. त्या करारानंतर पहिल्याच गेटसभेत आम्ही उभे राहून सांगितले की, मागणीपत्र लिहिताना आम्ही भ्यालो होतो. सभा उठून जाईल असे वाटले होते. ती उठली नाही. नंतर दोन वर्षे मोठी भाषणे बंद ठेवली. खात्याखात्यांत जाऊन बसलो, एकेका पाळीच्या कामगारांशी बोललो, वर्गणीचा हिशेब फळ्यावर लिहू लागलो. पुढच्या मागणीपत्रावर कंत्राटी कामगारांची मागणी पहिल्या ओळीत होती. सगळी मान्य झाली नाही, काही माणसे कायम झाली. संप करावा लागला नाही; कारण या वेळी तो होऊ शकतो हे समोरच्यांना दिसत होते.

श्रोतेहो, आपणांपैकी कोणी दुकान चालवीत असेल, कोणी शाळेत शिकवीत असेल, कोणी नुकताच एखादा फटका खाऊन बसलेला असेल. सावध राहू नका, असे आम्ही कोणालाच सांगणार नाही. पण एखादा सोपा मार्ग निवडताना क्षणभर थांबून पाहावे की, आपली नजर समोरच्या मैदानावर आहे की स्वतःच्या भीतीवर. आणि पाय किती मागे सरकले आहेत, हेही एकदा खाली वाकून पाहावे. त्या म्हाताऱ्या मार्करला इंग्रजीतले एक अक्षर येत नव्हते, पण एवढे मात्र त्याला पक्के ठाऊक होते.